अंगण खरंच वाकडं होतं

"काकू, हे आधी बघून घ्या. मग काय टाकायचं ते ठरवू," फकिरा म्हणाला आणि गाडीच्या मागच्या पोटातून काढलेला लोखंडी ऐवज त्यानं फडक्यावर ठेवला.

उमाताई पदर खोचून वाकल्या. तेलानं काळे झालेले दाते, त्यातले काही तुटलेले, आणि दात्यांच्या मधोमध लोखंडाचा ओबडधोबड थर, घाईघाईत चूल लिंपावी तसा.

"हे काय?"

"वेल्डिंग. कुणीतरी डिफरन्शियल जाम करून ठिवलंय. लई जुनं काम हाय."

मागं प्लास्टिकच्या खुर्चीत मधुसूदनराव काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ही शेवाळी रंगाची, दोन सीटची स्पोर्ट्स कार त्यांची. वाळूजच्या कारखान्यातला एक जर्मन इंजिनिअर मायदेशी परतताना त्यांना विकून गेला होता, आणि त्या दिवसापासून घरात तिचा मान बायकोच्या वरचा होता. अर्धांगानं त्यांचा डावा हात-पाय गेला आणि गाडी ताडपत्रीखाली गेली. या आठवड्यात, विकायची म्हणून, उमाताईंनीच ती बाहेर काढायला लावली. फकिरा ती आपल्या गॅरेजला घेऊन निघाला, तर कॉलनीच्या फाटकात वळतानाच मागून कडाड आवाज झाला. झालं, निघायच्या आधीच मुक्काम. शेवटी ओढून गॅरेजात आणावी लागली.

"जाम केलं की काय होतं?" उमाताईंनी विचारलं.

"आता बघा, वळताना भायेरचं चाक जास्त पळतं, आतलं कमी. दोघांला आपापल्या चालीनं पळू द्यायचं, हेच ह्याचं काम. ते वेल्ड केलं की दोन्ही चाकं एकाच चालीनं फिरणार. मग गाडी वळायलाच मागत नाय. तुम्ही स्टीअरिंग फिरवा, ही आपली सरळ. आतलं चाक घासतंय, बोंबलतंय. मातीतल्या शर्यतीला करतात लोक असं. रस्त्यावरच्या गाडीला कोण करतं?"

उमाताई सरळ उभ्या राहिल्या. पाठीतून कळ आली, पण ती पाठीची नव्हती.

छावणीतला तो रुंद, शांत रस्ता त्यांना लख्ख आठवला. मुलगा, हिमांशू, तेव्हा शाळेत होता. मधुसूदनरावांचे मित्र कट्ट्यावर बसलेले, आणि यांनी मोठ्या दिलदारीनं चावी पुढं केली होती, "घे, चालव एकदा." पोस्टातली नोकरी उमाताई स्कूटरवर करत. क्रांती चौकातल्या गर्दीतून रोज ये-जा, कधी साधा ओरखडा नाही. पण त्या दिवशी रस्त्याच्या टोकाला यू-टर्न घ्यायला स्टीअरिंग पार शेवटपर्यंत फिरवलं, तरी गाडी आपली नाकासमोर चाललेली. समोर कडुनिंब. दिवा फुटला, निंबाची साल निघाली. "अहो, वळवलं तरी वळत नाही ही," असं त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, तर हे मित्रांकडे बघून हसले. "नाचता येईना, अंगण वाकडं. आमच्या उमाला स्कूटरच बरी."

झालं. पुढं प्रत्येक लग्नात, मुंजीत, डोहाळजेवणात तो किस्सा पंगतीला मठ्ठा वाढावा तसा वाढला जायचा. 'काकूंना स्कूटरच बरी.' पुतणेसुद्धा म्हणायचे. उमाताई हसायच्या. हळूहळू त्यांनाही ते खरं वाटायला लागलं, आणि सगळ्यात वाईट ते हेच. त्यांनी पुन्हा चारचाकीला हात लावला नाही. स्कूटरही विकून झाली होती. आता नवऱ्याला व्यायामाच्या दवाखान्यात न्यायचं म्हणजे रोज रिक्षावाल्याच्या विनवण्या.

"हे कुणी केलं?" त्यांनी नवऱ्याकडे वळून विचारलं.

"मीच करून घेतलं. कारखान्यातल्या वेल्डरकडून," मधुसूदनराव म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा जड यायचे. "छावणीच्या मैदानात शर्यत होती. एका रविवारपुरतं. मग काढायचं राहिलं."

"निंबाच्या आधी की नंतर?"

फकिरानं पाना उचलला आणि काही काम नसताना दुसऱ्या गाडीकडे गेला. शहाणा माणूस.

"आधी," मधुसूदनराव म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"अगं, सगळे समोर बसले होते. रस्त्यावरच्या गाडीला वेल्डिंग मारलंय म्हणालो असतो, तर मला गाढवात काढलं असतं."

"म्हणून मला काढलं."

उमाताईंना वाटलं होतं आपण रडू. रडू आलंच नाही. संताप आला, चांगला खणखणीत, पायापासून डोक्यापर्यंत, आणि त्या संतापात एक भलतीच मोकळीक होती. इतकी वर्षं अंगण खरंच वाकडं होतं. नाचणारीचं काही चुकलं नव्हतं.

"फकिरा, ये इकडं. आता नवीन काय काय मिळतं ते सांग."

फकिरा आला. "साधं बी मिळंल, काकू. गाडी चालते आरामात. पण एक चाक वाळूवर घसरलं की सगळी ताकद त्याच चाकाला जाते, दुसरं नुस्तं बघत बसतं. दुसरा प्रकार म्हणजे घसरणं आवरणारं, लिमिटेड स्लिप. त्यात दोन जाती. एक प्लेटांचं. लई कडक पकड. एक चाक हवेत गेलं तरी दुसरं वढून नेतंय. पण सावकाश वळताना कटकट करतं, त्याला खास तेल लागतं, आन् प्लेटा झिजल्या की पुन्हा खोला. दुसरं नुसत्या गिअरांचं. गपचिप काम करतं, वळताना कळत बी नाय. फक्त चाक पुरतं हवेत गेलं तर ते हात टेकतं."

"प्लेटांचं टाक," मधुसूदनराव ताठ होत म्हणाले. "खरी स्पोर्ट्स कार त्याच्यावरच पळते."

तेवढ्यात पुण्याहून हिमांशूचा फोन. तोही अगदी मुहूर्त साधून. "आई, उगाच खर्चात पडू नकोस. गिऱ्हाईक आलंय, आहे तशी नेतो म्हणतंय. आणि बाबा तर आता चालवू शकत नाहीत."

"मी चालवणार आहे."

तो हसला, अगदी बापासारखा. "आई, तू? निंब आठवतोय ना?"

"आठवतोय. त्यालाच भेटायला जाणार आहे," असं म्हणून त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

"आता ऐका दोघं," त्या म्हणाल्या. "ही गाडी कुठं जाणार? यांच्या व्यायामाला, भाजीला, आणि रविवारी म्हैसमाळच्या घाटात. घाटात वळणावर खडी असते, पावसाळ्यात फाटकाचा चढ निसरडा होतो. म्हणून साधं नको. आणि माझं चाक काही हवेत जाणार नाही, मी शर्यतीला निघाले नाही. गल्लीबोळात रोजची कटकट मला नको. ती घरात पुष्कळ झाली. गिअरांचं टाक."

"गेलंच कधी चाक वर, तर ब्रेकवर जरासा पाय ठिवायचा, धरतं ते," फकिरा म्हणाला.

"उमा, प्लेटांच्या गाडीत जी मजा..."

"तुम्ही चालवणार आहात का?"

हे फार लागलं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. उमाताईंनाही दिसलं. त्यांनी शब्द मागं घेतला नाही.

सुटा भाग यायला वेळ लागला. तोवर त्या फकिराच्या जुन्या जीपवर हात बसवत होत्या. गाडी घरी आली त्या रविवारी सकाळी मधुसूदनराव इस्त्रीचा शर्ट घालून तयार. काठी टेकत ते नेहमीच्या सवयीनं उजव्या दाराशी गेले, मुठीवर हात ठेवला आणि तिथंच थांबले. उमाताई पायरीवर उभ्या होत्या. मदतीला धावल्या नाहीत. मग मधुसूदनरावांनी हात काढला, खिशातली चावी टपावर ठेवली आणि बॉनेटला वळसा घालून, पाय ओढत, डावीकडं जाऊन बसले.

छावणीच्या रस्त्याला सकाळचं कुणी नव्हतं. कट्टा रिकामा. निंब मात्र तिथंच, सालीवरचा जुना व्रण आता फुगून बुजलेला. उमाताईंनी वेग कमी केला, स्टीअरिंग फिरवलं, आणि गाडी शहाण्या लेकरासारखी वळली. निंबापासून चांगली दूर, एका दमात.

"आवाजच नाही," मधुसूदनराव म्हणाले. वळताना टायर किंचाळायचे तेव्हा ते मित्रांना 'वाघीण आहे वाघीण' असं सांगायचे.

"नाही."

त्यांनी गाडी पुन्हा फिरवली. पुन्हा निंबापाशी आणून पुन्हा वळवली.

"झालं की आता, उमा. पाहिलं मी."

"माझं झालं नाही."

आणखी एक वळसा घेऊन त्यांनी गाडी पडेगावच्या दिशेनं, म्हैसमाळच्या वाटेला लावली. पुढं खडीचा ट्रॅक्टर रेंगाळत होता. त्याच्या मागं जाताना त्यांची नजर सहज डावीकडं गेली. नवऱ्याचा चांगला, उजवा पाय पुढं सरकला होता आणि जिथं काहीच नव्हतं तिथं ब्रेक दाबत होता. त्यांनी नजर काढून घेतली, हॉर्न दिला आणि ट्रॅक्टरच्या पुढं निघाल्या.