जपानी म्हातारीला कोपरचा आवाज

कोपर स्टेशनबाहेर तीस वर्षं मासळी विकणाऱ्या रखमाबाई म्हात्रेला एका सकाळी नेहमीच्या गिऱ्हाइकानं विचारलं, "मावशी, भूत व्हाल का?"

"जल्ला तुजा तोंड! जिती हाय मी अजून."

विचारणारी अक्षदा. पोरगी जपानी शिकलेली, ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका स्टुडिओत जपानी सिनेमाचं मराठी डबिंग करत होती. सिनेमा भुताच्या घराचा, पण पोट धरून हसवणारा. कोणी बूट घालून आत शिरलं की घरातली मेलेली म्हातारी भिंतीतून हात काढते, आधी बूट ओढते, मग माणूस. आधी एका शिकलेल्या नटीनं तिला आवाज दिला होता; म्हातारी बातम्या वाचतेय असं वाटलं.

"मूळ सिनेमात ती तिच्या गावाकडची बोली बोलते, मावशी. परवा तुम्ही त्या रिक्षावाल्याला झापलंत ना, मला तसंच हवंय."

झापायला काय, रखमाबाई तयारच होती. पण स्टुडिओत बसलेल्या दिग्दर्शक विनीतला ते पटेना. "मावशी, जरा शुद्ध बोला," तो काचेपलीकडून सांगायचा. तिला वाचता येत नव्हतं. अक्षदा कानात वाक्य सांगायची. 'कृपया पादत्राणे बाहेर काढा.' चारदा जीभ अडखळली. पाचव्यांदा तिनं हेडफोन काढून ठेवला.

"सायब, माज्या दारात कोन चपला घालून आयला, त मी त्याला पादत्राने बोलू? मेल्यावर काय माजी भाषा बदलंल?"

विनीतनं हातातला वाक्यांचा कागद बाजूला ठेवला. रखमाबाईनं तो प्रसंग आवाज बंद करून पुन्हा लावायला सांगितला आणि म्हातारीचं तोंड निरखून बघितलं. "हिनं जनमभर ही जमीन पुसलीय," ती हळूच म्हणाली. "त्याचा राग हाय हिला. मानसं खायाची हौस नाय."

मग ती माइकपुढे उभी राहिली.

"ए मुडद्या! चिखलाचं पाय घेऊन कुटं चाललास? माजी पुसलेली जमीन दिसत नाय तुना?"

काचेपलीकडे विनीत असा हसला की रखमाबाईलाही हसू फुटलं आणि तो टेक वाया गेला. दुसरा टेक नमुना म्हणून जपानला, सिनेमाच्या निर्मात्यांकडे गेला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. अक्षदानं ते मासळीच्या पाटीसमोर उभं राहून वाचून दाखवलं: "भाषा कळली नाही. पण आमची म्हातारी अशीच ओरडते. हाच आवाज ठेवा."

महिन्याभरानं एका रविवारी दुपारी ठाण्यात पहिला खेळ झाला. रखमाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मधल्या रांगेत बसली होती. म्हातारी पहिल्यांदा ओरडली तेव्हा लोक दचकले, मग हसत सुटले. पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी खुर्चीखाली गुपचूप चपला काढल्या, तेही तिनं पाहिलं.

शेवटी पडद्यावर नावं आली. "हे तुमचं," अक्षदानं बोट दाखवलं. तोवर विनीत पुढे जाऊन, तिच्याकडे हात करून सांगू लागला होता, की हा आवाज कोपरच्या रखमाबाई म्हात्रेंचा. सगळं थिएटर वळून बघू लागलं.

रखमाबाई लाजली नाही. पदर सारखा करून उभी राहिली, मान ताठ ठेवली आणि टाळ्या थांबेपर्यंत सगळ्यांना नीट बघू दिलं.