वजन पेलणारी चाकं

"वजन किती?" फिर्मिनने विचारलं.

त्याने हळू आवाजातच विचारलं होतं, तरी गोदलीवने आधी मागे वळून पाहिलं. टायर चाचपत उभं असलेलं गिऱ्हाईक अजून दुकानातच होतं.

"सायकलचं?" ती म्हणाली.

"सायकलचं मला माहीत आहे. तुझं विचारतोय."

ते गिऱ्हाईक दार ओढून बाहेर पडेपर्यंत ती भिंतीवर टांगलेल्या हेल्मेटांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "अठ्ठ्याण्णव."

मागच्या चाकातला तुटका स्पोक फिर्मिन पकडीने ओढून काढत राहिला. त्याचं ते गप्प राहणं तिला नको झालं.

"एकशे सात. झालं समाधान?"

"माझं काय जातंय? अठ्ठ्याण्णवच्या हिशोबाने चाक बांधून दिलं, तर महिन्याभरात शिव्या घालायला तूच येशील परत."

रोन्से गावच्या स्टेशनमागे फिर्मिनचं सायकलचं दुकान होतं, आणि वसंतापासून गोदलीव तिथे तिसऱ्यांदा आली होती. दर वेळी मागच्याच चाकाचा, साखळीच्या बाजूचाच स्पोक तुटे. दर वेळी फिर्मिन नवा घाले, चाकाची आऊट काढून ते सरळ करून देई, आणि दर वेळी तो म्हणे, एक तुटला की बाकीचेही आता थकलेत असं समज. तिला ते ऐकायला आवडत नसे. थकल्यावर बदलतात ही सोय चाकांनाच असते, असं तिच्या मनात येई.

ती वृद्धाश्रमाच्या धुलाईखात्यात कामाला होती. आठवडाभर चादरी, आणि घरी आल्यावर नवरा, मॉरिट्स. तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो कुणाच्या तरी छपरावर कौलं बसवत होता. खाली पडला नाही, एवढंच नशीब. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हो-नाहीसुद्धा मानेने. शब्द एकच उरला, 'चल'. रविवारी सायकल क्लबच्या पोरांच्या पुढे राहून तो तेच ओरडायचा. आता पाणी हवं असलं तरी 'चल', दुखत असलं तरी 'चल'.

त्याच्या दुखण्याआधी गोदलीव कधी सायकलवर बसलीच नव्हती असं नाही, बेकरीपर्यंत जायची. लांबवर जायला लागली ती नंतर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, आठवड्यातून काही तास तरी घराबाहेर पडा, नाहीतर तुम्हालाही झोपवावं लागेल. तिने जुनी रेसिंग सायकल विकत घेतली. रविवारी सकाळी मुलगी आनलोर येऊन बापाजवळ बसे आणि गोदलीव शेल्ड नदीच्या काठाने, मग आत टेकड्यांकडे जाई. लोक मागून येऊन पुढे जात. तिला त्याचं काही वाटत नसे.

गेल्या रविवारी मात्र घात झाला. दगडी रस्त्यावर स्पोक तुटला, चाक वाकडं होऊन ब्रेकला घासायला लागलं, फिरेचना. मागचा भाग उचलून धरत ती चालत निघाली. आनलोरची सुपरमार्केटमध्ये दुपारची पाळी होती. तिने वाट पाहिली, फोन केले, आणि शेवटी बापाला चाकाच्या खुर्चीत नीट बसवून, टीव्ही लावून ती निघून गेली. गोदलीव पोचली तेव्हा मॉरिट्स गॅरेजच्या दारात फरशीवर पडलेला होता. किती वेळ, ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं. कपाळाला टेंगूळ आलं होतं. बाकी काही नाही.

"आई, आता बस कर ही सायकल," आनलोर संध्याकाळी म्हणाली. "बाबांना काही झालं असतं म्हणजे?"

"आणि मला?"

"तुला काय होणार आहे?"

आनलोरही दमलेली होती, हे गोदलीवला दिसत होतं.

तो गॅरेजकडे का निघाला होता ते दुसऱ्या दिवशी कळलं. तो सारखा तिकडे हात करून 'चल, चल' म्हणत राहिला, तेव्हा तिने त्याला खुर्चीसकट गॅरेजमध्ये नेलं. भिंतीवर, कापडी पिशव्यांत घालून, त्याची शर्यतीची चाकं टांगलेली होती. काळी, उंच काठाची, कार्बनची. बिलाचा आकडा त्याने तिला कधी सांगितला नव्हता आणि पोरीला त्यांना हात लावू दिला नव्हता. त्याने डाव्या हाताने चाकांकडे बोट केलं, मग तिच्या सायकलकडे, मग तिच्याकडे.

ती चाकं आता फिर्मिनच्या काउंटरवर होती. तिने ती गाडीतून घोंगडीत गुंडाळून आणली होती.

"ही तर मीच विकली त्याला," फिर्मिन म्हणाला. त्याने एक चाक बोटावर तोलून धरलं. "काय हलकं आहे बघ. आणि जपलंय किती."

"बसतील ना माझ्या सायकलला?"

"बसतील."

"मग बसव."

फिर्मिनने चाक खाली ठेवलं. "गोदलीव, ही सत्तर किलोच्या माणसासाठी आहेत. आरे मोजकेच, आणि टायर चिकटवलेला. तुझ्याखाली वर्षभर टिकतील किंवा पहिल्याच दगडी रस्त्यावर जातील. मला सांगता यायचं नाही. आणि उतारावर तुला ब्रेक जास्त वेळ धरावा लागतो. ही रिम तापली की नरम पडते. पुढचं चाक गेलं तर तू तोंडावर पडशील."

"मी हळू जाते."

"हळू जाणाराच ब्रेक धरून ठेवतो."

ती भिंतीवरच्या तयार चाकांकडे वळली. "ती तिथली चकचकीत?"

"तुझ्या आत्ताच्या चाकांची सावत्र बहीण. पुढच्या वसंतात परत इथेच उभी असशील." त्याने खालच्या खणातून एक साधी, राखी, रुंद रिम काढली. "ॲल्युमिनियम. हिच्यात बत्तीस आरे घालतो, हाताने बांधून. टायर थोडा जाड, हवा थोडी कमी. कंबरेलाही बरं."

"माझ्या आजोबांच्या सायकलसारखं दिसेल."

"दिसेल."

"जड होईल?"

"पाण्याच्या एका बाटलीएवढं."

ती बराच वेळ ती रिम हातात घेऊन उभी होती. बत्तीस भोकं. दिसायला अगदी काहीच नाही. "त्याला काय सांगू?" ती म्हणाली. "त्याच्याकडे मला द्यायला दुसरं काही नाहीये, फिर्मिन. ते आणायला गेला आणि पडला. तू सांग ना त्याला. तुझं ऐकेल."

फिर्मिनने पकड उचलली, परत ठेवली. "दोन वर्षं झाली मी तुमच्या घरी आलेलो नाही. आता कुठल्या तोंडाने येऊ?"

"नेहमीच्याच. दुसरं आणलंस तर त्याला ओळखू यायचं नाही."

तो हसला, पण येतो म्हणाला नाही. शनिवारी चाकं तयार ठेवतो, म्हणाला.

घरी तिने लीकच्या पातीचं सूप गरम केलं. मॉरिट्सच्या गळ्याभोवती रुमाल बांधला आणि चमचा भरता भरता सांगून टाकलं, की तुझी चाकं मला चालणार नाहीत, फिर्मिन नाही म्हणाला. मॉरिट्सने तोंड मिटून घेतलं. तिने चमचा ओठाला लावला, त्याने मान फिरवली. सूप हनुवटीवरून ओघळलं.

"असं नको करू. तू दिलीस, पोचली मला. पण ती मोडतील."

"चल," तो खिडकीकडे बघत म्हणाला.

"चल काय? माझं वजन माहीत आहे का तुला?"

इतक्या वर्षांच्या संसारात तिने हा आकडा त्याला कधी सांगितला नव्हता. तो स्नानघराजवळ असला की ती वजनकाट्यावर चढत नसे. लग्नाआधी तिने फ्रॉकच्या मापाबद्दलही थाप मारली होती.

"एकशे सात," ती म्हणाली.

मॉरिट्सने मान वळवली. तिच्याकडे पाहिलं. मग त्याचं चालणारं अर्धं तोंड हळूहळू ताणलं गेलं आणि तो हसायला लागला. आवाज न करता, खांदा हलवत. आजारानंतर तो असा हसलेला तिला आठवत नव्हतं, आणि तरीही तिला ते फार लागलं.

"हस," ती म्हणाली. "हस खुशाल. तुला रोज सकाळी अंथरुणातून उचलतं कोण? अंघोळीला? त्या दिवशी फरशीवरून एकटीने कोणी उचललं? पन्नास किलोची असते तर तू अजून तिथेच असतास."

त्याचं हसू थांबलं. तिने चमचा वाडग्यात ठेवला. थोड्या वेळाने मॉरिट्सने डाव्या हाताने तो चमचा उचलला, सूप भरलं, आणि सांडत सांडत तिच्या तोंडापर्यंत नेला. तिने ते घेतलं. निवलं होतं.

शनिवारी ती फिर्मिनने बांधलेली चाकं घेऊन आली. रविवारी आनलोर वेळेवर आली, कोट न काढताच म्हणाली, "आज उशीर नको करू, आई. मला खरंच निघायचं असतं."

"माहीत आहे गं."

नदीकाठचा रस्ता सोडून ती आत वळली. दगडी रस्ता सुरू झाला तेव्हा सवयीने तिचे खांदे आवळले, कान मागच्या चाकाकडे लागले. महिनोन्महिने ती अशीच कान देऊन सायकल चालवत होती. कुठे 'टिंग' होतंय का, कुठे घासतंय का. आज काहीच आवाज नव्हता. दगड संपले, परत आले, परत संपले. चाकं नुसती फिरत होती. तिने ढुंगण सीटवर सैल सोडलं, हाताची पकड सैल केली, आणि भीती गेल्याबरोबर अंगात इतका थकवा भरला की तिला पेडल नीट दिसेना.

टेकडीच्या पायथ्याला छोटं देऊळ आहे, मेरीचं. त्याच्यासमोर लिंडनच्या झाडाखाली बाक. पाणी पिण्यापुरतं म्हणून ती उतरली. तेवढ्यात मागून क्लबची पोरं आली, पोरं म्हणजे आता पन्नाशीची. एकाने ओळखलं.

"मॉरिट्स कसा आहे?" तो ओरडला.

"बरा आहे," ती म्हणाली. तोवर ते चढाला लागले होते.

बाकावर बसल्या बसल्या ती आडवी झाली. हेल्मेटही काढलं नाही. दोनच मिनिटं, असं मनाशी म्हणाली. पुढचं तिला आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं आणि चर्चची घंटा वाजत होती. एक बाई कुत्र्याला घेऊन जरा लांब उभी होती.

"मला वाटलं पडलात की काय," ती बाई म्हणाली.

"नाही हो. झोपले होते."

"घरी झोपायचं ना."

गोदलीवने चढाकडे एकदा पाहिलं. वेळ होता तसा. तिने सायकल वळवली आणि आली त्या रस्त्याने परत निघाली.

घरी पोचली तेव्हा आनलोरला निघायला अजून अवकाश होता. ती बापाची नखं कापत होती.

"आलीससुद्धा? चढून आलीस ना वर?"

"हो."

"आणि चाकं?"

"चांगली आहेत. काही आवाज नाही."

"वारा असेल वर."

"होता थोडा."

आनलोरने नखं कागदात गुंडाळली आणि टाकायला स्वयंपाकघरात गेली. गोदलीव मॉरिट्सच्या खुर्चीशी वाकून त्याचा शर्ट नीट करायला लागली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. मग त्याने डावा हात उचलला आणि तिच्या गालावर बाकाच्या फळ्यांचे जे उभे वळ उठले होते, त्यांवरून अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा, ते पुसले जातात का ते पाहावं तसा.

ती वाकलेलीच राहिली. आतून आनलोर विचारत होती, कॉफी टाकू का.