खालून वाजली तरच पूर

महसुलाचा गिरदावर व्यंकटराव आमच्या गावात आला तेव्हा उन्हाळा सरत आला होता. त्याच्या आदल्या साली आम्ही हैद्राबाद सोडून मुंबई राज्यात गेलो होतो. गेलो होतो म्हणजे काय, गाव होतं तिथंच होतं, कागदावर सरकलं होतं. नव्या सरकारला गंगेकाठच्या गावांची माहिती पाहिजे होती. गोदावरीला आमच्याकडं गंगाच म्हणतात. चावडीत खाट टाकली, चहा आला आणि गिरदावरानं सरपंचाला विचारलं, "तुमच्या गावात पुराचा इंतजाम काय?"

सरपंच आप्पाराव म्हणाले, "तानुबाई."

"ते काय असतं?"

"बाई हाय."

चावडी हसली. शेजारी बसलेला लिंबाजी म्हणाला, "साहेब, तारेपरीस पक्की खबर. आधी ती भिजती, मग आमी उठतो."

व्यंकटराव हसला नाही. माणूस चौकस होता. चहा तसाच ठेवून उठला आणि म्हणाला, "दाखवा."

तानुबाईचं घर गावाच्या खाली, उताराला, नावेच्या धक्क्यापाशी होतं. नवरा नाव चालवायचा, तो कधीच वारला होता. कंबरेएवढ्या मातीच्या भिंती, वर पऱ्हाटीचा कूड, त्यावर छप्पर. आतल्या भिंतीवर गाळाचे पट्टे दिसत होते, एकावर एक, जुने काळे आणि नवे पिवळे. गिरदावर बराच वेळ त्या भिंतीकडंच पाहत राहिला.

आप्पारावांनी कौतुकानं सगळं समजावून सांगितलं. पाणी चढत चढत तानुबाईच्या उंबऱ्याला लागलं, की तिनं गंगेची ओटी भरायची. मग पितळी परात घेऊन दारात उभं राहायचं आणि पळीनं बडवायची. परात वाजली की गाव उठतं, ढोरं सोडतं, कणग्यांतली ज्वारी पोत्यांत भरतं आणि माळावर जातं. तिची सासूही हेच करायची. त्याबद्दल गाव दर श्रावणात तिला लुगडं आणि खण देतं. "गंगामाय पयल्यांदा हिच्या दारी येती," आप्पाराव म्हणाले. "तो मान तिचा."

मान हा शब्द आमच्या गावानं कायम असाच वापरला. जी गोष्ट कुणी स्वतःच्या दारात घेणार नाही, तिला मान म्हणायचं आणि गरिबाच्या दारात नेऊन ठेवायची. वर एक लुगडं टाकायचं. झाला धर्म.

गिरदावरानं तिलाच विचारलं, "बाई, तुम्हाला कसा वाटतो हा मान?"

तानुबाई जाळ्याला गाठी मारत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "वला वाटतो, साहेब."

"म्हणजे?"

"परात वाजवस्तवर माझी भाकरीची टोपली तरंगायली असती. गावाची ज्वारी माळावर जाती, माझं पीठ गंगेत. गावाचं ढोर वाचतं, माझी शेळी गेली दोनदा. मला माळावर जागा द्या. तुमचं गायरान पडलंय तितं. इतभर द्या."

आप्पारावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. सरकारी माणसासमोर बाईनं तोंड उघडावं हे त्यांना सहन झालं नाही. पण गिरदावराचं डोकं दुसरीकडंच चालू होतं. त्यानं विचारलं, "तानुबाईंच्या नंतर पाणी कुणाच्या घरात शिरतं?"

कुणाला माहीत नव्हतं. खरंच सांगतो, गावात एवढी पांढऱ्या मिशांची माणसं, पण एकालाही माहीत नव्हतं. कुणी म्हणालं मारुतीच्या पारावर, कुणी म्हणालं बन्सीधरच्या दुकानात. बन्सीधर म्हणाला, "माझ्या दुकानात काहून? तुझ्या खळ्यात शिरत असंल." भांडण लागायची वेळ आली. इतक्या पिढ्या पूर येत होता, पण दुसरं घर कुणाचं हे बघायला गावातलं कुणी थांबलंच नव्हतं. परात वाजली की सगळे माळावर. पाणी ओसरलं की खाली. मधे गंगा कुठून कुठं फिरली, याचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. पहिलं घर ठरलेलं होतं, तेवढं पुरे होतं.

गिरदावर म्हणाला, "गायरानातली जागा मी देऊ शकतो. पण पंचायतीनं हो म्हणायला पाहिजे." आणि गेला.

पंचायत मारुतीच्या पारावर बसली. तानुबाई खाली, जोड्यांजवळ उभी.

"तू वर गेल्यावर आमाला पूर आल्याचं कळणार कसं?" आप्पारावांनी विचारलं.

"डोळे हायत की तुमाला, मालक."

"डोळ्यानं पूर कळतो व्हय? गंगा रोजच दिसती."

आता हे वाक्य ऐकून हसू नका. सगळ्या पारानं माना डोलावल्या होत्या. गंगा थोडी चढली, थोडी उतरली, रोजचंच होतं ते. तानुबाईच्या उंबऱ्याला लागली तर पूर, नाही लागली तर नुसतं पाणी. गावानं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचं कधीच सोडून दिलं होतं.

"बरं," तानुबाई म्हणाली, "मग मान कुणाला पायजे ते सांगा. घरासकट देते. फुकट. लुगडंबी त्यानंच घ्यावं."

लिंबाजीनं तंबाखू मळायला घेतली. बन्सीधरला एकदम दुकान उघडं राहिल्याचं आठवलं.

आप्पाराव उठले. "जागा मिळायची न्हाई. तू खाली हायस म्हणून गाव हाय. उगं फाटे फोडू नकोस."

"तुमी वर हाव म्हणून मी खाली हाय, मालक. दुसरं काय कारण न्हाई."

ती गेली. आणि दुसऱ्या दिवशी राणीसावरगावाहून तिचा भाऊ भुजंग बैलगाडी घेऊन आला. गाव बघत होतं. त्यानं आणि तिनं मिळून छप्पर उतरवलं, कूड सोडवला, चौकट काढली, उंबरा उकरून काढला आणि सगळं गाडीत घालून माळावर नेलं. माळाच्या ऐन माथ्यावर तिनं खोपटं उभं केलं. परवानगी नाही, शिक्का नाही, काही नाही. खाली उरल्या त्या गाळाचे पट्टे असलेल्या बिनदाराच्या भिंती.

आप्पारावांनी फर्मान काढलं की तिच्याशी कुणी बोलायचं नाही. श्रावणातलं लुगडं बंद झालं. बाया विहिरीवर तिला पाणी भरायला जागा देईनात. आप्पारावांची बायको बायनाबाई तेवढी तिला आडून विचारायची, "वर वारं लागतं का गं?"

"लागतं, मालकीणबाई. पण वारं अंथरूण वाहून नेत न्हाई."

त्या साली पाऊस बेताचाच झाला. भादव्यात तर आमच्याकडं आभाळ धुऊन काढल्यासारखं कोरडं होतं. ऊन पडलं होतं, माणसं मूग झोडपत होती. पण वर कुठंतरी, पैठणच्याही पलीकडं, ढग फुटला असणार. दुपार कलायच्या आत गंगेचा रंग बदलला. पाणी तांबडं झालं, त्यात झाडं वाहायला लागली, मेलेलं वासरू वाहत गेलं. हे सगळं गावानं पाहिलं. मीही पाहिलं. लिंबाजी तर धक्क्यावर उभं राहून लाकडं ओढून काढत होता. त्याच्या मांडीला पाणी लागलं, तेव्हा तो दोन हात मागं सरकला आणि पुन्हा ओढायला लागला.

"लिंबाजी, चढायलंय रं पाणी," मी म्हणालो.

"चढू दे की. परात कुटं वाजली?"

मला ते पटलं. लाज वाटायचं काही कारण नाही, अख्ख्या गावाला पटलं होतं.

आणि मग परात वाजली.

ती वाजली माळावरून. तानुबाई माथ्यावर उभी होती. तिथून तिला गंगा आरपार दिसत होती, खालून कधी दिसली नव्हती तेवढी. ती जिवाच्या आकांतानं पळीनं परात बडवत होती. आवाज सगळ्या गावात येत होता. मूग झोडपणारी माणसं थांबली, कान दिला आणि पुन्हा झोडपायला लागली. कारण पुराची परात खालून वाजते. वरून वाजली तर ती पुराची नाही, एवढं साधं होतं ते. कुणी म्हणालं, वरून कोल्हं हाकलायली असंल. कुणी म्हणालं, गावानं वाळीत टाकली म्हणून डोकं फिरलंय बाईचं. आप्पाराव वाड्यापुढच्या लिंबाखाली बसले होते. ते म्हणाले, "वाजवू द्या. थकंल."

ती थकली नाही. परात घेऊन धावत खाली आली. लुगड्याचा ओचा खोचलेला, तोंडाला फेस. थेट आप्पारावांसमोर येऊन तिनं परात बडवली.

"ढोरं सोडा, मालक! उठा!"

"पाणी तुझ्या उंबऱ्याला लागलं का?"

"मला खाली उंबराच न्हाई आता! मी काढून न्हेला त्यो!"

"मग पूर कशावरून म्हणायलीस?"

मी तिथंच होतो. या माणसाच्या तोंडावर ओरडावं, की हसावं, की त्याला गंगेत ढकलावं, हे मला कळेना. तानुबाई त्याला ओलांडून वाड्यात शिरली आणि मागच्या गोठ्याकडं पळाली. तिच्या मागं मी. गोठ्याच्या मागून एक नाला जातो, गंगेला मिळणारा. गंगा चढली की नाल्यातलं पाणी उलटं फिरतं, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं. बैल घोट्याएवढ्या पाण्यात उभे होते आणि दावी ओढत होते. दुसरं घर सरपंचाचंच होतं. बन्सीधरच्या दुकानाला अजून ओल लागलेली नव्हती.

तानुबाईनं गोठ्यातला विळा उचलून दावी कापली. बायनाबाई "अगं बया, अगं बया" करत पळत आली आणि बैल बाहेर काढायला लागली. तिनं नवऱ्याला हाक मारली ती साऱ्या गल्लीनं ऐकली, "अवो, तुमच्याच उंबऱ्याला लागलंय! आता तरी उठा!"

तेव्हा गाव उठलं.

माणसं वाचली. ढोरं बरीचशी वाचली. ज्वारी गेली. कणग्या उपसायला वेळच मिळाला नाही. परातीचा पहिला ठोका पडला तेव्हाच उठलो असतो तर पोती वर गेली असती, हा हिशेब माळावर बसून प्रत्येक जण मनात करत होता आणि तोंडानं तानुबाईला शिव्या घालत होता. तिनं खालचं घर सोडलं म्हणून हे झालं म्हणे. चिखलात लडबडलेली माणसं तिच्याच खोपटापुढं तिचंच सरपण जाळून अंग शेकत होती आणि तिलाच बोलत होती. असलं गाव आमचं.

पाणी ओसरल्यावर गिरदावर आला. त्यानं पाहिलं, विचारलं, नाल्यापर्यंत जाऊन आला. मग म्हणाला की गाव माळावर आणा, सरकार जागा आखून देईल. या वेळी पंचायत बसली नाही. सगळे लगेच हो म्हणाले. ज्याच्या गोठ्यात पाणी येतं त्याला समजावून सांगावं लागत नाही.

मोजणीची साखळी टाकून आखणी सुरू झाली आणि मग खरी गंमत झाली. माळालाही उतार असतो. माथा एकच. त्या माथ्यावर तानुबाईचं खोपटं. आप्पाराव गिरदावराला बाजूला घेऊन काहीतरी बोलले. मग तानुबाईकडं आले आणि बरेच गोड होऊन म्हणाले, "तानुबाई, आमचा वाडा मोठा हाय. तू एकटीच. तू जरा खाली सरक. इतं बांधतो आमी."

खुंट्या मारणारा हातोडा वर उचललेला तसाच राहिला. गिरदावरालाही बघायचं असावं की पुढं काय होतं.

तानुबाईनं आप्पारावांकडं पाहिलं. मग गिरदावराकडं. मग ती तिथंच, खोपटाच्या दारात, मांडी घालून बसली.

"खुंटी मारा, साहेब," ती म्हणाली. "मी बसलेय तितं मारा. मी सरकत न्हाई."

आप्पारावांनी बायकोकडं पाहिलं. तिनं समजूत घालावी म्हणून असेल. बायनाबाई पुढं आली, डोक्यावरचं गाठोडं उतरवलं, तानुबाईच्या खोपटापासून दहा हात खाली ठेवलं आणि त्यावर बसली.

"इतं बांधा वाडा," ती म्हणाली. "मला बी एकदा कोरडं झोपायचंय. तुमाला सगळ्यात वर पायजे असंल तर झाडावर चढा."

लिंबाजीनं तोंडावर उपरणं धरलं. गिरदावरानं हात केला आणि हातोडा पडला, तानुबाईच्या पावलाजवळ. आप्पाराव उतारावरून खाली जाऊन स्वतःच्या प्लॉटची दोरी धरायला उभे राहिले. त्यांच्या खालची जागा कुणाची, यावर बन्सीधर आणि लिंबाजीचं तोवर सुरू झालं होतं.