पहिला घास ताईचा

एकेचाळीस वर्षं मी ज्या माणसाला जेवायला वाढलं, त्याने एके दिवशी टेबलावर मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?"

"तुमच्याचकडे," मी म्हटलं. "आणि आता कुठेही जाणार नाहीये. जेवा गुमान."

त्यांनी चमचा खाली ठेवला. सगळं विसरलेल्या माणसाला अनोळखी बाईच्या हातचं खाऊ नये, एवढं मात्र बरोब्बर आठवत होतं. कप्पाळ माझं!

आमच्या ह्यांनी आयुष्यभर बस चालवली. शहरातला एकेक थांबा पाठ. आता त्यांना बाथरूममधून बाहेर यायचा रस्ता सापडेना. विसरण्याचा आजार, डॉक्टर म्हणाले, आणि तो पुढेच जाणार. मी ते मनाला लावून घेतलं नाही असं लोकांना सांगते. थापा आहेत. मला "बाई" म्हणाले त्या दिवशी मी बेसिनचा नळ सोडून ढसाढसा रडले होते.

घरात आम्ही तिघंच. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यावर. तिसरी म्हणजे माझी सून. ती बाजारातल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. त्या रात्री तिने सहज आपल्या ताटलीतला बटाटा चमच्यावर घेतला, गरम म्हणून फुंकर मारली आणि खाल्ला. हे तिच्याकडे टक लावून बघत होते. एकदम लहान पोरासारखे हसले आणि म्हणाले, "ताई, आता मी?"

ताई म्हणजे ह्यांची मोठी बहीण. आई कामावर जायची, तेव्हा ताईनेच ह्यांना वाढवलं. घास आधी ती खायची, तोंड भाजत नाही ना बघायची, मग म्हणायची, "हं, आता तू." माझ्या लग्नाआधीच ती गेली, मी फक्त फोटो पाहिलाय. सुनेत आणि तिच्यात तिळाइतकं साम्य नाही. पण ह्यांना ताई सापडली होती आणि आम्हाला त्यांच्या जेवणाची वाट सापडली होती.

सुनेची जीभ आधी अडखळायची. सासऱ्याला अरे-तुरे कोण करतं? पण शिकली. आपण एक घास घ्यायचा, "हं, आता तू" म्हणायचं, की हे एक घास घेणार. तिने दोन घेतले तर हे दोन. तिने पाव मागितला की ह्यांनाही पाव हवा. मी समोर बसून चार माणसांचं जेवले असते तरी त्यांनी ढुंकून पाहिलं नसतं. जळफळाट व्हायचा माझा. पण ताटली रिकामी झाली की मुकाट्याने उचलायचे.

आता पुढचं मला नंतर कळलं, पण आत्ताच सांगून टाकते. लपवाछपवी मला जमत नाही. सुनेने वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलं होतं. आठवड्याला एक, पोटात टोचायचं. भूकच मरते म्हणे त्याने. ही काही लठ्ठ नव्हती हो. चाळिशीला आली होती, कमरेला जरा गोलाई, बस. सहा किलो जास्त, असं तिचं तिनेच ठरवलेलं. आमच्या डॉक्टरांनी तिला हाकलूनच लावलं होतं, "हे तुमच्यासाठी नाही, चालायला जा." मग तिने फोनवरून औषध देणारे कुणीतरी गाठले आणि आपलं वजन वाढवून सांगितलं. वजन कमी व्हावं म्हणून आधी वाढवून सांगायचं. काय म्हणावं या पोरीला!

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला दिसत होतं ते एवढंच, की सून छान दिसायला लागलीय आणि हे खंगत चाललेत. दोघांचे कपडे माझ्याच शिलाई मशीनवर यायचे. एका दुपारी मी तिचा स्कर्ट कमरेत आत घेतला आणि "वा गं वा, चालणं मानवलं तुला" म्हणून तिची पाठ थोपटली. त्याच दुपारी, त्याच मशीनवर, त्यांची पँट आत घ्यायला बसले तेव्हा मला शिलाई दिसेना, डोळे इतके भरून येत होते.

डॉक्टर म्हणाले, "आजार पुढे सरकलाय. एका टप्प्यावर माणसं खायचंच विसरतात." पुढे नाकातून नळी घालून भरवण्याचं काहीतरी बोलले. सून शेजारीच बसली होती, खाली मान घालून.

घरी आलो. मी ह्यांच्या आवडीचं सूप केलं, मऊ बटाटे केले, आणि जेवायला न बसता दाराला टेकून उभी राहिले. म्हटलं, बघू तरी कसं विसरतात ते.

सुनेने बटाटा चमच्यावर घेतला. फुंकर मारली. ओठाला लावला, न लावला, खाली ठेवला, आणि चमच्याने ताटलीच्या कडेला पसरून दिला. "हं, आता तू."

ह्यांनी बटाटा चमच्यावर घेतला. फुंकर मारली. ओठाला लावला, खाली ठेवला, आणि ताटलीच्या कडेला पसरून दिला. अगदी तस्सा. मग तिने रुमालाने तोंड टिपलं आणि म्हणाली, "झालं माझं." ह्यांनीही तोंड टिपलं. "झालं माझं."

हा माणूस काहीच विसरला नव्हता. ताई शिकवेल ते इमानेइतबारे शिकत होता.

ह्यांना खुर्चीत बसवलं आणि तिला स्वयंपाकघरात गाठलं. "किती दिवस झाले तू जेवत नाहीयेस?"

"जेवते की, आई."

"माझ्या डोळ्यांदेखत? खोटं बोलायचं तर जरा बरं बोल."

तिने फ्रिज उघडला, लोण्याच्या डब्यामागून पेनासारखं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात दिलं. मग सगळं सांगितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "अगं, भुकेने तुझं काय घोडं मारलं होतं?"

"सहा किलो, आई. सहाच किलो हवे होते." तिचा आवाज फुटला. "दुकानात चारी भिंतींना आरसे. गिऱ्हाईक चष्मा लावून स्वतःला बघतं, आणि त्याच्या मागे मी दिसते. दिवसभर. घरी आले की मी ताई. तुमचा मुलगा येणार आठ महिन्यांनी. वाटलं, एक तरी गोष्ट माझ्या मनासारखी होऊ दे."

तिच्या मनासारखं काय होतं या घरात, हे मी कधी मोजलं नव्हतं. पण राग गेला नाही. खरं सांगते, नाही गेला. फक्त त्याला टेकायला जागा राहिली नाही.

इंजेक्शन त्याच दिवशी बंद केलं. तिला वाटलं, उद्या भूक लागेल. कसली लागते! अंगात भिनलेलं औषध उतरायला कितीतरी आठवडे लागतात म्हणे. म्हणून मी वेगळी युक्ती केली. ताटल्या कपाटात टाकल्या आणि छोट्या वाट्या काढल्या. ती तीन चमचे खाऊ शकत असेल तर तीनच, पण दिवसातून पुष्कळदा. दुपारच्या सुट्टीत ती धावतपळत घरी यायची, डोळ्यांत पाणी येईस्तोवर घास गिळायची आणि म्हणायची, "हं, आता तू." हे गिळायचे.

एकदा तिला तो घास उतरलाच नाही. ती बेसिनकडे पळाली. हे उठले, तिच्या मागे गेले आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. "ताई, बरं नाही का तुला? नको खाऊस. मलाही नको." ती तोंड धुऊन परत येऊन बसली आणि तिने तो घास खाल्ला. तेव्हापासून मी तिला लागेल असं एक अक्षर बोलले नाही.

आणि मग एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, अजून एक पाव आहे?" मी इतक्या घाईने उठले की खुर्ची पडली. ह्यांनीही हात पुढे केला. दोघं पाव खात होती आणि मी उगाचच टेबल पुसत होते.

पण थंडीत त्यांना खोकला झाला आणि तो छातीत उतरला. झुंजायला अंगावर काही उरलं नव्हतं. ताई त्यांच्या उशाशी होती. मीही होते, बाई म्हणून.

सगळे येऊन गेले. मुलगा आला, परत जहाजावर गेला. घर रिकामं झालं तेव्हा तिने विचारलं, "आई, माझ्यामुळे झालं का?"

"डॉक्टर नाही म्हणतात," मी म्हटलं.

"तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणणार? काही दिवस मी मनात हो म्हणते, काही दिवस नाही म्हणते. हे असंच्या असं तिला सांगितलं, कारण खोटं बोलून दोघींना एका घरात राहता आलं नसतं. ती रडली नाही. मान हलवून उठली आणि सूप गरम करायला लागली.

दोन वाट्या तिने टेबलावर ठेवल्या. मी म्हटलं, मला नको, इच्छा नाही. खरंच नव्हती. ते गेल्यापासून घास घशाखाली जातच नव्हता. माझे कपडे मीच आत घेतले होते आणि कुणाला बोलले नव्हते.

ती ह्यांच्या खुर्चीसमोर बसायची, ती आज माझ्यासमोर येऊन बसली. चमचा भरला. फुंकर मारली. खाल्ला, पूर्ण, माझ्याकडे बघत. मग माझी वाटी माझ्याजवळ सरकवली.

"हं," ती म्हणाली, "आता तू."

मी चमचा उचलला.