वल्ह्याचा आवाज

बुडालेल्या एका जहाजावर दोन चित्रपट निघाले. पहिल्यातले पावलांचे, पाण्याचे, आदळआपटीचे आवाज मामांनी स्टुडिओत वस्तू वाजवून निर्माण केले होते. दुसऱ्यातले त्यांचा भाचा करीत होता. दोन्ही चित्रपटांत जहाजावरून सुटलेल्या शेवटच्या नावेतून वल्हे उगारणारा खलाशी म्हणजे खऱ्या आयुष्यातले मामांचे वडील. जुन्या चित्रपटात ते वल्हे पाण्यावर पडते. नव्यात ते नावेची कड धरणाऱ्या बुडत्यांच्या बोटांवर पडते, मग कवटीवर, आणि पाणी काळे होते.

हाडे मोडल्याचा आवाज काढण्यासाठी भाचा ओल्या चामड्यात गाजरे गुंडाळून ती स्टुडिओत मायक्रोफोनखालच्या फळीवर मांडत होता, तेवढ्यात मामा आत शिरले.

"काय रे, स्वयंपाक काढलास की काय?"

"आजोबांची बोटं मोडतोय. म्हणजे, त्यांनी मोडलेली."

"ते दृश्य काढून टाकायला सांग. उद्या तुझी आई थिएटरात बसून स्वतःच्या बापाला खुनी झालेलं बघणार!"

"तुमचाच चित्रपट खरा कशावरून?"

"वडील स्वतः चित्रीकरणाला हजर होते म्हणून! वल्हं कसं मारायचं ते नटाला त्यांनीच दाखवलं."

"मग शेजारीशेजारी लावूनच बघू."

पडद्यावर आधी जुने दृश्य सुरू झाले. छपाक, छपाक. मामांची मान ताठ झाली. भाच्याने आवाज बंद केला. पाण्यावर मारलेले वल्हे आत शिरते, ते ओढून काढावे लागते. हे वल्हे मात्र चौकटीच्या खालच्या कडेपलीकडे कशावर तरी आदळून उसळत होते; नटाचे खांदे हादरत होते, आणि एकही थेंब उडत नव्हता.

"आजोबांनी खरं तेच दाखवलं, मामा. पाणी तुम्ही घातलंत."

"तोंड सांभाळ."

"एवढी वर्षं मेलेल्यांच्या किंकाळ्यांवर बादल्या ओतत बसलात!"

एवढे बोलून भाच्याने लाल दिवा लावला, म्हणजे रेकॉर्डिंग सुरू झाले, आणि घसरलेली गाजरे सारखी करायला फळीवर हात ठेवला. मामांनी आवाजांसाठी कोपऱ्यात ठेवलेले वल्हे उचलले व सगळ्या ताकदीनिशी त्या हातावर आणले. बोटे मोडली. दुसरा फटका मनगटावर बसला. हाड कातडी फाडून बाहेर आले, चामडे रक्ताने भिजले.

भाचा ओरडला नाही. लाल दिवा असताना त्या खोलीत कोणी श्वासही मोठ्याने घेत नसे. मामांनीच ते त्याला थोबाडीत देऊन शिकवले होते. त्याने बाही दातांत कोंबली. मामाही, उगारलेल्या वल्ह्यासकट, फटक्याचा आवाज भिंतींत विरेपर्यंत निश्चल उभे राहिले. मग सवयीने त्यांनी दिवा मालवला, आणि तेव्हा कुठे भाच्याची किंकाळी फुटली.

मामांच्या हातून वल्हे गळून पडले. ते फळीजवळ बसले आणि आपल्या रुमालाने तो हात आवळू लागले.

"वडील नटाला म्हणाले होते," ते पुटपुटले, "असं मारल्यावर पाण्याचा आवाज येत नाही. मी ऐकलं होतं."

भाचा कण्हत होता.

"गाजरं फेकून दे. हाच आवाज लाव."