ड्रमखालचा लाल गालिचा

मी एक जुना लाल गालिचा आहे. लाल म्हणजे आता कुठे कुठे लाल. माझा एक कोपरा जळालेला आहे, एका कडेची झालर गेलेली आहे, आणि मधोमध माझी लव इतकी बसली आहे की हात फिरवला तर खालचे सूत बोटांना लागते. असा गालिचा तुम्ही घरात अंथरणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण मित्रांनो, जिच्या पायाखाली माझे निम्मे आयुष्य गेले, त्या मुलीला पुन्हा ड्रम वाजवता येणार की नाही, हे एका संध्याकाळी ठरायचे होते. त्या संध्याकाळी मी तिच्या पायाखालीच होतो. म्हणून ही गोष्ट मीच सांगितलेली बरी.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे एक बाई नव्या गालिच्यांच्या पाठी तपासत असत. त्यांनी मला उलटे केले, नखाने दोनचार गाठी ओढून पाहिल्या आणि शेजारणीला म्हटले, "हा टिकेल गं. कुणी वर नाचलं तरी टिकेल." मी तेव्हा कोवळा होतो. माझ्यावर कोणी नाचेल, ही कल्पनाच मला अपमानाची वाटली.

मला एका लॉन्ड्रीवाल्या बाईंनी विकत घेतले. खाली त्यांचे दुकान, वर घर. यजमान लवकर गेलेले, घरात मायलेकी दोघीच. माझे स्थान बैठकीच्या खोलीत होते आणि माझ्यासाठी घरात कायदे होते. चपला घालून माझ्यावर यायचे नाही. माझ्यावर कप ठेवायचा नाही. आठवड्यातून एकदा आई गुडघ्यांवर बसून माझी झालर चक्क फणीने विंचरायची. डाग हा तिचा जन्मजात वैरी होता. शाईचा, तेलाचा, गंजाचा, कसलाही डाग आणा, ती डोळे बारीक करून त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "तू थांब, बघतेच तुला."

लेकीला सगळे खार म्हणत. ती सदा तुरुतुरु चालायची आणि दोन बोटांनी कशावर तरी टकटक करत राहायची. जेवणाच्या ताटावर, जिन्याच्या कठड्यावर, झोपलेल्या आईच्या पाठीवरसुद्धा. कंटाळून आईनेच तिला ड्रमच्या शिकवणीला घातले. "तिकडे काय ते बडव आणि घरी गप बस," एवढीच तिची अपेक्षा होती. ती कधीच पुरी झाली नाही.

पुढे खारीने तीन मित्रांबरोबर बँड काढला. गाणारा पुटपुट्या बोलताना इतका हळू बोलायचा की शेजारच्यालाही "काय म्हणालास?" असे विचारावे लागे. गिटारवाल्या उंच मुलाला उंट म्हणत. जाड तारांची बेस गिटार वाजवणारा शाळेत गणित शिकवायचा, म्हणून तो मास्तर. त्यांच्या संगीताला पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. नाव अवघड आहे, पण ऐकाल तर लगेच कळेल. एकाच गाण्यात आधी कुणी कानाशी कुजबुजल्यासारखे वाटते, आणि दुसऱ्या क्षणी तोच माणूस छाती फोडून ओरडतो. राग, दुःख, माया, सगळे एका दमात. एरवी पुटपुटणारा तो मुलगा गाताना ओरडू लागला की त्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या आणि भिंतीवरचे घड्याळ हलायचे.

त्यांचा पहिला कार्यक्रम सायकलच्या दुकानामागच्या खोलीत झाला. फरशी गुळगुळीत होती. खार पायाने मोठा ड्रम वाजवी आणि प्रत्येक ठोक्याला तो पुढे सरके. ती बिचारी स्टूल घेऊन त्याच्या मागे मागे. गाणे संपले तेव्हा ती थेट पुटपुट्याच्या पाठीला जाऊन टेकली होती. लोकांना वाटले, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्याच दिवशी आई दुकानात असताना खारीने मला गुंडाळून खांद्यावर टाकले.

"बैठकीतला गालिचा कुठंय?" संध्याकाळी आईने विचारले.

"कामाला लागलाय."

"कुठे?"

"माझ्याकडे. ड्रमखाली."

"अगं, तो पाहुण्यांसाठी आहे!"

"आई, आपल्याकडे शेवटचा पाहुणा आला होता तो मीटर वाचणारा."

आईला हसू आले, पण ते तिने दाबले. "झालर तरी सांभाळ," म्हणाली.

तेव्हापासून माझे खरे आयुष्य सुरू झाले. खारीने प्रत्येक ड्रमची आणि प्रत्येक झांजेची जागा नक्की केली आणि त्यांच्या स्टँडच्या प्रत्येक पायाभोवती माझ्यावर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या. मोठ्या ड्रमला पांढरी, स्टुलाला निळी, झांजांना पिवळी. कुठल्याही गावी, कुठल्याही खोलीत मला पसरले की तिचे घर मांडून तयार. डोळे मिटून हात टाकला तरी काठी बरोबर जागी पडायची. आम्ही एका जुन्या गाडीतून हिंडलो. तळघरांत, शाळांच्या सभागृहांत, एकदा तर बंद पडलेल्या पोहण्याच्या तलावात आम्ही वाजवले. माझ्यावर घाम सांडला, चहा सांडला, उंटाने आणलेल्या तापलेल्या दिव्याने माझा कोपरा जाळला. मी रागावलो नाही. समोरची पोरे प्रत्येक शब्द पाठ म्हणत असत आणि पुटपुट्या माइक त्यांच्याकडे फिरवून नुसता ऐकत उभा राही. त्यांची गाणी निघाली, नाव झाले, मोठी सभागृहे मिळाली. पण गर्दीत कोणी पडले तर ते चौघे गाणे तिथेच थांबवत. पडलेल्याला उठवले, पाणी दिले, "बरा आहेस ना?" विचारले, की मग पहिल्यापासून सुरुवात. आरडाओरड करणारी माणसे इतकी मऊ असतात, हे मला त्यांच्याकडून कळले.

आई मात्र एकाही कार्यक्रमाला आली नाही. दुकान कोण बघणार, हे एक कारण. दुसरे असे की ती एकदा सरावाच्या गॅरेजपाशी आली होती, कानांवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "एवढं ओरडायला झालंय तरी काय या मुलाला? घरी सगळे बरे आहेत ना?"

मग एका सकाळी खार सायकलवरून पडली. उजवा खांदा मोडला. हाड जुळले, पण हात पूर्वीसारखा वर जाईना. बँड थांबला. कुणीतरी मास्तरला सुचवले, दुसरा ड्रमवाला घ्या. मास्तर म्हणाला, "वर्गातलं एक मूल आजारी पडलं, तर आम्ही बदली मूल मागवत नाही." विषय तिथेच संपला.

मला मात्र कोणी विचारले नाही. गुंडाळून उंटाच्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यांमागे मला उभे केले. उंदरांनी माझी झालर खाल्ली. ओल शिरली. वर्षे गेली. अंधारात माझ्याजवळ एकच गोष्ट उरली होती, त्या पट्ट्या. मी मनाशी म्हणे, जगात कुणाला आठवो न आठवो, खार कुठे बसायची ते मला ठाऊक आहे.

आणि एक दिवस चौघे गॅरेजमध्ये आले. शहरातल्या जुन्या सभागृहाने त्यांना एका कार्यक्रमासाठी बोलावले होते. खार काही महिन्यांपासून घरी उशीवर काठ्या मारून सराव करत होती. ती म्हणाली, "हा एक कार्यक्रम करून बघू. पूर्ण वाजवता आला तर पुढचं पुढे. मध्येच हात थांबला तर ड्रम माझ्या जुन्या शिकवणीतल्या मुलांना देऊन टाकीन. मग मला कोणी आग्रह करायचा नाही." पुटपुट्या काहीतरी पुटपुटला, पण ते कुणालाच ऐकू आले नाही.

कार्यक्रमाच्या आधी काही दिवस मी आईकडे होतो, वाळायला. माझी दशा बघून तिने कपाळावर हात मारला. लेक इतक्या वर्षांनी लोकांसमोर बसणार आणि पायाखाली हे असले! तिने मला गच्चीवर नेले, साबणाने घासले, कोमट पाण्याने धुतले. मित्रांनो, खोटे कशाला बोलू, मला फार सुख वाटले. पण मग तिची नजर पट्ट्यांवर गेली. काळवंडलेल्या, चिकट, कडा सुटलेल्या. तिने डोळे बारीक केले. "तू थांब, बघतेच तुला." इस्त्रीच्या वाफेने तिने एकेक पट्टी सोडवली, खालचा डिंकसुद्धा ठेवला नाही. मला वाचा असती तर मी पुटपुट्यापेक्षा मोठ्याने ओरडलो असतो.

सभागृहात मला पसरले तेव्हा सगळे माझ्यावर वाकून बघू लागले.

"पट्ट्या?" उंट म्हणाला.

खारीने फोन लावला. "आई, काय केलंस हे!"

"काय केलं? डाग काढले."

"ते डाग नव्हते गं! माझ्या जागा होत्या त्या!"

पलीकडून "अगं बाई!" एवढेच ऐकू आले. मग फोन बंद झाला.

खार माझ्यावर ओणवी झाली आणि तिने बोटे फिरवली. मी वाटच बघत होतो. पट्ट्या गेल्या होत्या, पण इतक्या वर्षांच्या ओझ्याने माझ्यात खळगे पडले होते, ते कुठे जाणार? एकेक खळगा तिला सापडत गेला. प्रत्येक पाय आपापल्या जुन्या जागी बसला. माझी छाती फुगली. मी वाचवले तिला!

ती स्टुलावर बसली, वाजवू लागली. उजव्या बाजूच्या उंच झांजेकडे हात गेला आणि अर्ध्यातच थांबला. तिने पुन्हा प्रयत्न केला. चेहरा पांढरा पडला. काठी माझ्यावर पडली.

"नाही जमत," ती म्हणाली. "सांगितलं होतं मी."

तेवढ्यात आई येऊन पोहोचली. दुकानाचा एप्रन तसाच अंगावर, श्वास लागलेला. भर दिवसा तिने दुकान बंद केल्याचे मी प्रथमच पाहत होतो.

"चुकलं माझं. विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "जागा मिळाल्या नाहीत का?"

"मिळाल्या गं. सगळ्या मिळाल्या. हातच पोचत नाही."

"मग ते ताट इकडे ओढ की जरा."

"काकू, ती झांज आहे," उंट म्हणाला, "आणि ती पहिल्यापासून तिथेच असते."

"असू दे. माझ्याकडे लोक लग्नातला कोट घेऊन येतात आणि विचारतात, इस्त्रीने थोडा सैल होईल का? काय सांगू त्यांना? खांदा बदलला तिचा. माप बदलायला नको?"

पुटपुट्या पहिल्यांदाच ऐकू येईल असे बोलला. "खारे, बघ ना करून."

झांज खाली घेतली, जवळ ओढली. मग बाकीचेही हलवावे लागले. स्टूल थोडे पुढे, मोठा ड्रम थोडा तिरका. माझा एकही खळगा जागेवर कामाला आला नाही. मला वाईट वाटले का? हो, वाटले. जे मी इतकी वर्षे जपून ठेवले, तेच तिला दुखावत होते. मग तिने हात टाकला आणि काठी पोचली. मला खळग्यांचा विसर पडला.

संध्याकाळी सभागृह भरले. आता डोक्यावरचे केस विरळ झालेली माणसे पहिल्या रांगेत होती आणि त्यांची मुले त्यांच्या शेजारी. चौघांनी असे वाजवले की मी मुळापासून थरथरलो. पुटपुट्याच्या आवाजाला आता खरखर आली होती, पण तीही शोभत होती. प्रत्येक गाण्यानंतर मास्तर मान वळवून खारीकडे बघे आणि ती "चालू दे" म्हणून हनुवटी हलवी. शेवटच्या गाण्यात एक जागा होती. चौघेही एकदम थांबत, सभागृह श्वास रोखून धरी, आणि मग खारीच्या ठोक्याबरोबर सगळे पुन्हा कोसळे. ते थांबले. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता.

आणि त्या शांततेत रंगमंचाच्या कडेला एकटी आई टाळ्या वाजवू लागली. तिला वाटले, संपले.

"छान, छान गं!" ती म्हणाली. ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

सगळे सभागृह हसले. खार हसली, इतकी की डोळ्यांतून पाणी आले. हसता हसताच तिने काठी उचलली आणि पुढचा ठोका टाकला. असा ठोका माझ्यावर त्याआधी कधी पडला नव्हता. गाणे पूर्ण झाले. हात थांबला नाही.

लोक गेल्यावर खार माझ्यावरच आडवी पडली. "पुढचा कधी?" उंटाने विचारले. ती म्हणाली, "आधी बर्फ आण खांद्याला. मग तारीख बघ."

आई गुडघ्यांवर बसून नव्या पट्ट्या लावू लागली. "सरळ लाव गं," लेक म्हणाली. "माझ्या हाताला वाकडं माहीत नाही," आई म्हणाली.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जुन्या वस्तू रंगाच्या डब्यांमागे उभ्या करून ठेवू नका. त्यांना वापरा, मळू द्या, धुवा, आणि धुण्याआधी जिची वस्तू आहे तिला विचारा. पण आपले माणूस बदलले आणि ती वस्तू त्याला पुरेनाशी झाली, तर वस्तू हलवा, माणसाला ओढू नका. आम्ही वस्तू समजून घेतो. आणि तुमच्या घरात कोणी दार लावून मोठमोठ्याने काही वाजवत असेल, तर कानांवर हात ठेवून का होईना, एकदा आत जाऊन बसा. टाळ्या चुकीच्या जागी पडल्या तरी चालतात.