प्रभाग नऊचे तीन नारळ

नगर परिषदेच्या भिंतीवर नवा नकाशा डकवला, तेव्हा नीलमने आधी शाळा शोधली, मग विहार, मग आपलं घर. शाळा सापडली. विहार नव्हता, घर नव्हतं, अख्खं मिलिंद नगर नव्हतं. प्रभाग नऊची लाल रेघ नाल्यापर्यंत ऐटीत येत होती आणि नाल्याच्या अलीकडेच वळून, पलीकडे जणू कुणी राहतच नाही अशी, निघून जात होती.

पलीकडे चौऱ्याऐंशी घरं होती.

सावरखेड म्हणजे अकोल्याला चिकटून वाढलेलं गाव. लोक कामाला अकोल्यात, झोपायला सावरखेडात. जमीन काळी, पीक बरं, पण खालचं पाणी खारं. मिलिंद नगरच्या हातपंपाच्या पाण्यात चहा केला तर दूध नासायचं. नीलमचा बाबा संघपाल गवंडी होता. पंचवीस वर्षं त्याने तेच पाणी पिऊन भिंती चढवल्या, आणि या उन्हाळ्यात त्याचे पाय सुजले. डॉक्टर म्हणाले, किडनी अर्धी गेली आहे, उरलेली टिकवायची तर हे पाणी आजपासून बंद. मग नगर परिषदेच्या टँकरवर भागत होतं. नकाशा लागला आणि तिसऱ्या दिवशी टँकर यायचा थांबला. ड्रायव्हर म्हणाला, तुमी हद्दीच्या बाहेर आहा. ग्रामपंचायतीत गेलं तर ते म्हणाले, तुम्ही शहरात आहात. विकतची कॅन आईच्या दालमिलच्या मजुरीत दिवसाआड परवडायची. पावसाने तर पोळ्याआधीच दडी मारलेली.

नीलम दहावीत होती. गेल्या वर्षापर्यंत ती वर्गात हात वर करायलाही घाबरायची. मग एकदा तिने गणिताच्या सरांची चूक दाखवली, सर म्हणाले "बरोबर आहे," आणि त्या दिवसापासून तिचा हात खाली आलाच नाही. तिने वहीचं पान फाडून हरकत लिहिली, घरोघर फिरून सह्या आणि अंगठे घेतले आणि ती नगर परिषदेत दिली. आवक बारनिशीवर, म्हणजे आलेल्या अर्जांच्या नोंदवहीवर, बसणाऱ्या अनुपने शिक्का मारला.

"उद्या सुनावणी आहे," तो म्हणाला. "पण पुरावा लागते. तुमची वस्ती कधी हद्दीत होती, याचा कागद."

"मतदार यादी आहे ना. माझा बाबा तीनदा मतदान करून आला."

"यादीत तुमच्या बाबाचा पत्ता काय हाय, पाह्यला का? सावरखेड, घर नंबर शून्य. सगळ्यायचा शून्य."

"मग घरपट्टी?"

"भरली का कधी?"

कधीच नव्हती भरली. मागायलाच कुणी आलं नाही आणि मिलिंद नगर त्या आनंदात होतं.

घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा बाबा बाजेवर पाय लांब करून पडला होता. तो म्हणाला, "दगडं हायेत ना."

प्रभाग नऊचा सगळा इतिहास या दगडांवर होता, आणि ते सगळे दगड बाबानेच बसवले होते. पहिले नगरसेवक नत्थुजी. त्यांनी रस्त्याचा नारळ फोडला, पेढे वाटले, बाबाने चौथरा बांधून त्यांच्या नावाची कोनशिला बसवली. रस्ता आला नाही. मग जागा बायांसाठी राखीव झाली आणि सुंदराबाई आल्या. म्हणजे नाव त्यांचं, बैठकीला त्यांचे यजमान खुशालराव. त्यांनी पाण्याच्या टाकीचा नारळ फोडला. टाकी आली नाही. मग किशोर आला, गळ्यात उपरणं, डोळ्यावर काळा चष्मा, त्याने नालीचा नारळ फोडला आणि जाताना चपला गाडीत बसून पुसल्या. नाली आली नाही. त्यानंतर निवडणूकच झाली नाही, प्रशासक बसला, आणि त्याला नारळाची गरज नव्हती.

निवडून येणारा मागच्याचा दगड उखडायला लावायचा. उखडलेला दगड वस्तीतली कुणीतरी बाई घेऊन जायची. त्याच्यासारखा धुण्याचा दगड नाही. कोरलेल्या अक्षरांत मळ छान निघतो, म्हणून बाया अक्षरांची बाजू वर ठेवायच्या.

नीलम घरोघर गेली. पौर्णिमाकाकूच्या मोरीत नत्थुजी होते. त्यांचं फक्त "जी" उरलं होतं. नळ नाही, टाकी नाही, पण चौदा वर्षं खाऱ्या पाण्याने चादरी आपटून आपटून मिलिंद नगरने आपलाच पुरावा धुऊन काढला होता. किशोरचा दगड वस्तीनेच उखडला होता; त्याचे दोन तुकडे, तारीख गुळगुळीत. नीलमला हसू येत होतं आणि रडूही. शेवटी ती चतुराबाईकडे गेली. चतुराबाई एकटी राहायची आणि कुणाशी पटवून घ्यायची नाही. तिने दगड पायरीला लावला होता, तोंड खाली करून.

"पालथा काहून लावला, आजी?"

"नावावर पाय द्याचा नसते पोरी. आन त्या बाईचं नाव मले रोज पाह्याचं बी नव्हतं."

बाबाने पहारीने पायरी उचलली. तेवढ्यानेच त्याला धाप लागली, तो भिंतीला टेकून खाली बसला. पण अक्षरं काल कोरल्यासारखी होती. पाण्याची टाकी, मिलिंद नगर, प्रभाग क्रमांक नऊ, शुभहस्ते सौ. सुंदराबाई.

दुसऱ्या दिवशी तो दगड ऑटोत घालून बापलेक सुनावणीला गेले. जिल्ह्याहून आलेले साहेब चांगले होते, त्यांनी नीलमला खुर्ची दिली. दगड त्यांनी वाकून वाचला.

"बेटा, दगड कुणीही कोरून आणू शकतो. मला नोंद हवी. तिथे रस्ता, टाकी, नाली, काहीही झालं असतं तर फाइल असती. कामच झालं नाही, तर कागद कुठून येणार?"

"म्हणजे यांनी आम्हाला तीनदा फसवलं, म्हणून आम्ही नाहीच?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि काढलं. "पाच वाजेपर्यंत बसलो आहे मी. कागद असेल तर आण."

नीलम धावतच जुन्या गावात गेली. सुंदराबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"संघपालची पोरगी ना तू? बस."

"बसत नाही मावशी. तुम्ही सुनावणीत येऊन सांगा, तुम्ही आमच्याकडे नारळ फोडला होता."

"मी काय सांगू? मले तं त्या सभागृहात चहा कुठून येते तेही माईत नव्हतं. ते म्हनत, इथे सही कर. मी करे."

"कशावर सही?"

सुंदराबाईंचा हात मेथीत थांबला. आत खुशालरावांचा टीव्ही मोठ्याने चालू होता. नीलम थांबली. तिला बोलायची घाई होती, पण पहिल्यांदाच तिला कळलं की आता बोलायचं नाही.

"तुह्या बाबाची तब्येत कशी हाय?" सुंदराबाईंनी हळूच विचारलं.

"पाय सुजतात. टँकर बंद झाला तेव्हापासून एक दिवस कॅनचं, एक दिवस पंपाचं पिऊन राहिला."

सुंदराबाई उठल्या, पदराने हात पुसले आणि चपला घातल्या. आतून आवाज आला, "कुठे चालली?"

"मिटिंगले," त्या म्हणाल्या.

साहेबांसमोर त्या उभ्याच राहिल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"कागद हाय साहेब. टाकीचं बिल निघालं होतं. सगळं. त्यावर माही सही हाय. टाकी बांधली नाही, पन बिल उचललं."

 अनुपने बाबाकडे पाहिलं, बाबाने जमिनीकडे.

"बाई, तुम्ही काय बोलताय ते समजतंय का?" साहेब म्हणाले. "हे मला लिहून घ्यावं लागेल."

"लिवा."

अनुप रेकॉर्ड रूममध्ये गेला. तासाभराने तो लाल फडक्यात बांधलेला बस्ता घेऊन आला, केसांत कोळिष्टकं, शर्टावर धूळ. फाइल होती. साहेबांनी पानं उलटली. मिलिंद नगर, प्रभाग नऊ, ठराव, नकाशा, मोजमाप, सगळं जागच्या जागी. त्यांनी लगेच शेरा लिहिला आणि वाचून दाखवला: वस्ती पूर्वीपासून हद्दीत असल्याचे दिसून येते, हरकत मान्य, सीमा दुरुस्त करण्यात यावी.

नीलमने बाबाचा हात इतका घट्ट धरला की तो कण्हला.

"मग टँकर उद्यापासून? आणि गावात सुरू होणाऱ्या नव्या पाणी योजनेचे नळ?"

साहेब शेवटचं पान वाचत होते. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, मग फाइल तिच्याकडे फिरवली. काम पूर्ण झाल्याचा दाखला. पन्नास हजार लिटरची टाकी, वस्तीस पाणीपुरवठा सुरू. खाली अभियंत्याची सही, त्याखाली वेडीवाकडी, एकेक अक्षर जोडून केलेली सुंदराबाईंची.

"टँकर आणि नवी योजना, दोन्ही जिथे टाकी नाही तिथे," साहेब म्हणाले. "कागदाप्रमाणे तुमच्याकडे बारा वर्षांपासून पाणी आहे."

"तर चला ना सर, पाहा. नाल्यापलीकडेच आहे. दहा मिनिटं."

"मी सीमेसाठी आलो आहे, बेटा. पाण्याची चौकशी नगर परिषद करेल. आता आचारसंहिता लागेल, म्हणजे निवडणुकीनंतर."

"किती महिन्यांनी?"

साहेबांनी फाइल अनुपकडे सरकवली. त्यांनी पुढच्या हरकतीचं नाव पुकारलं.

बाहेर व्हरांड्यात बाबा भिंतीला धरून उभा राहिला. त्याच्या पायांवर चपलेच्या पट्ट्यांचे खोल वळ उठले होते. तो म्हणाला, "चल. झालं आपलं." तो रागावला असता तर नीलमला बरं वाटलं असतं. तो नुसता दमला होता. तिला पहिल्यांदा वाटलं की आपण कितीही चांगलं बोललो तरी बाबा मरू शकतो.

सुंदराबाई जात नव्हत्या. त्या पायरीवर बसल्या होत्या.

"घड्याळात किती झाले?"

"साडेचार," नीलम म्हणाली.

"मंग पाचपर्यंत कागद घेते ना हा?" त्यांनी अनुपच्या खिडकीकडे हनुवटी केली. "लिही."

नीलमने दप्तरातून वही काढली. घाईत पान तिरकं फाटलं. दुसरं फाडलं.

"काय लिहू मावशी? टाकी नाही असं, की तुम्ही बिल उचललं असं?"

"बिलाचं आधी लिही. टाकी नाही, हे कोनी वाचत नाही."

व्हरांड्यात कर्मचाऱ्यांसाठी फिल्टर होता. बाबा तिथे जाऊन रिकामी बाटली भरू लागला. अनुपने खिडकीतून पाहिलं आणि रजिस्टरमध्ये डोकं घातलं. नीलम गुडघ्यावर वही ठेवून लिहीत होती: अर्जदार, घर नंबर शून्य.